आय७ आहे, पण कोणत्या सालचा? पहिल्या डेस्कटॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर माझ्या सांगलीतल्या दुरुस्तीच्या दुकानात एकच बोलणं सुरू होतं: घरात कॉम्प्युटर घ्यायचाय, पोरं अभ्यास करतील, थोडं गेमही खेळतील. हा पैसा बहुतेक वेळा बेदाण्याचा, उसाच्या हप्त्याचा किंवा पगारातून बाजूला टाकलेला असतो. तो चकाकणाऱ्या कॅबिनेटवर आणि जुन्या प्रोसेसरच्या मोठ्या नावावर गेला की मला मनापासून वाईट वाटतं. आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

आमचा मुलगा अकरावीत आहे. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा म्हणतो. एका दुकानात आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि लाइटवाला कॅबिनेट २२ हजारांत सांगितला. दुसरीकडे आय३ च्या मशीनचे ३५ हजार सांगतात. आय७ स्वस्त आणि आय३ महाग, हे कसं? (तासगाव)

आय७ म्हटल्यावर तुम्हाला इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, फक्त आडनाव कळलं, वय कळलं नाही. वय कळतं त्यापुढच्या आकड्यावरून. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक ही पिढी: ३७७० म्हणजे तिसरी, ८७०० म्हणजे आठवी. पाच अंकी असेल तर पहिले दोन: १२१०० म्हणजे बारावी. २२ हजारांत मिळणारा आय७ बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा निघतो. जुन्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर बिननावाच्या नव्या मदरबोर्डावर (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, पुढे नुसतं बोर्ड) बसवतात आणि चकचकीत डब्यात घालतात.

आय७ ३७७० हा २०१२ सालचा आणि आय३ १२१०० हा २०२२ सालचा. दोघांनाही चारच कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). पण दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग इतका वाढलाय की गेममध्ये हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. दुसरं कारण आणखी महत्त्वाचं. विंडोज १० चं नेहमीचं सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी मुलगा हट्ट धरून बसलाय, त्याच गेमला हे मशीन पुढे अडवणार.

३५ हजारांच्या आय३ कडेच जा. मात्र पैसे देण्याआधी एक अक्षर बघून घ्या: १२१०० आहे की १२१००एफ? त्या एफचा अर्थ पुढच्या उत्तरात येतो.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सर. ग्राफिक्स कार्ड घेण्याइतके पैसे आता नाहीत. कार्डाशिवाय गेम चालतात का? मित्र म्हणतात, कार्ड नसेल तर घेऊच नकोस. (विश्रामबाग)

चालतात. तुझ्यासारख्यांनाच मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे थोड्या पैशात खरंच चांगलं मशीन उभं राहतं.

आधी एफचं सांगतो. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच चालू नसतो. कार्ड लावल्याशिवाय मॉनिटर काळाच राहणार. ऑनलाइन हजारभर रुपये स्वस्त दिसला म्हणून एफ मागवून बंद स्क्रीनसह दुकानात आलेली मुलं मी दर वर्षी बघतो. कार्ड आजच घेणार असशील तर एफ चांगला, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. इंटेलच्या साध्या आय३ मध्ये चित्र येतं, पण गेमसाठी ते ग्राफिक्स तोकडं पडतं.

कार्डाशिवाय खेळायचं असेल तर इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीचे, नावाशेवटी जी असलेले प्रोसेसर बघ. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा, आतच रेडिऑन ग्राफिक्स असलेला. व्हॅलोरंट फुल एचडीला आरामात चालतं, जीटीए ५ मध्यम सेटिंगवर चालतं, काउंटर स्ट्राइक २ साठी सेटिंग बरीच खाली आणावी लागते. २०२४ चा ८६००जी यापेक्षा बराच तगडा आहे, पण त्याला नव्या एएम५ जातीचा बोर्ड आणि नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम लागते. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव भडकले. त्यामुळे तुझ्या बजेटला आज ५६००जी जवळचा.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. म्हणून रॅमची रुंदी तिथे फार महत्त्वाची. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घे आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन खाचांमध्ये बसव. विहिरीत पाणी तेवढंच, पण एका पाइपाऐवजी दोन पाइप लावले की शेतात लवकर पोचतं, तसं हे आहे. एका पट्टीवर रखडणारा गेम दोन पट्ट्यांवर सुरळीत चाललेला मी स्वतः कितीदा दाखवलाय.

असेंबल करणारा जी गोष्ट विसरतो ती तू विसरू नकोस. ३२०० वेगाची रॅम नव्या बोर्डावर बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये, एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाची सेटिंग असते, ती चालू करून घे. मशीन ताब्यात घेण्याआधी दुकानातच टास्क मॅनेजर उघड, मेमरीच्या पानावर वेग बघ. तिथे १६ जीबीपैकी थोडी रॅम कमी दिसली तर घाबरू नकोस, ती आतल्या ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते.

पुढे कार्ड घ्यायचं म्हणशील तर एक बारीक गोष्ट आत्ताच लिहून ठेव. कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात, आणि ५६००जी हा त्याच्या ३.० या जुन्या आवृत्तीपर्यंतच जातो. आरएक्स ६४०० सारखी काही स्वस्त कार्डं फक्त चार लेनची आहेत, ती अशा मशीनवर आणखी मंद होतात. आठ किंवा सोळा लेनचं कार्ड बघ.

कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट देतो म्हणतात. घ्यावा का? (पलूस)

नको. हे मी हात जोडून सांगतो. पहिल्या कॉम्प्युटरमध्ये काटकसर कुठेही करा, मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये करू नका.

त्याच्या बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे वर मोठ्या अक्षरात छापलेल्या ४५० ला काही अर्थ राहत नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच हिशेब चारशेच्या वर जातो. हातात घेतला तरी फरक कळतो, स्वस्त डबा पोकळ आणि हलका लागतो. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला), कार्डासाठी सहा-अधिक-दोन पिनची वायर असलेला, काही वर्षांची वॉरंटी असलेला घ्या.

बिननावाचा एसएमपीएस बिघडतो तेव्हा एकटा जात नाही. कुपवाडच्या एका मुलाचं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा एसएमपीएससोबत बोर्ड आणि डिस्क दोन्ही गेले होते. डिस्कवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते फोटो मला परत आणता आले नाहीत.

प्रोसेसर, रॅम, कार्ड उद्या बदलता येतं. एसएमपीएस आणि बोर्ड हा पाया. बोर्ड निवडताना बघा की रॅमच्या दोन तरी खाचा, एनव्हीएमई एसएसडीची (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क) एक खाच आणि पुढच्या प्रोसेसरला वाव आहे का. आय३ १२१०० च्या बोर्डावर बायोस अपडेट करून १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसरही चालतात, म्हणजे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीनला नवं आयुष्य देता येतं.

कंपन्यांनी काढलेले ब्रँडेड जुने डेस्कटॉप मिरजेत स्वस्त मिळतात. त्यात कार्ड टाकून गेमिंग होईल का? (मिरज)

होईल, आणि बजेट फारच कमी असेल तर मी हाच रस्ता सुचवतो. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर ही ऑफिसची मशीनं दणकट बांधणीची असतात. आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय५ बघा. त्या पिढीत आय५ ला सहा कोअर मिळाले.

फसगत होते ती डब्याच्या आकारात. बारीक, आडवा डबा घेतला तर त्यात साधं कार्ड मावत नाही, उंचीला कमी असलेलं लो प्रोफाइल कार्डच लागतं. एसएमपीएसही कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही, आणि कार्डासाठी वेगळी वायर नसते. अशा वेळी ७५ वॅटच्या आत, स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड हवं. जीटीएक्स १६५० चे असे प्रकार येतात, पण सगळे तसे नसतात, वायरची खाच बघूनच घ्या. शक्य असेल तर उभा टॉवरच मागा.

कार्डात आणखी दोन खड्डे आहेत. जीटी १०३० नावाचं कार्ड दोन प्रकारांत येतं, डीडीआर४ मेमरीचं आणि जीडीडीआर५ चं. नाव एकच, पण डीडीआर४ वालं बरंच मंद. दुसरा खड्डा बनावट कार्डांचा: खूप जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर दुकानातच चालवा. कार्ड बनावट असेल तर नावाआधी ते तसं लिहून दाखवतं.

मॉनिटर कुठला? घरचा टीव्ही चालेल का?

टीव्हीला एचडीएमआय असेल तर चालेल, गेम मोड तेवढा चालू करा. वर्षभराने २२ किंवा २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर घ्या.

दुकानदार विंडोज आणि दहा-बारा गेम फुकट टाकून देतो म्हणतो. (सांगली)

क्रॅक केलेल्या गेमबरोबर काय आत येतं ते मी पुसत बसतो: पासवर्ड चोरणारे प्रोग्राम, मशीन चोरून वापरून क्रिप्टो नाणी कमावणारे मायनर. ज्या मशीनवर तुमचे वडील बँकेचं काम करणार, त्यावर हे नको. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ अधिकृतपणेच मोफत आहेत. एपिक स्टोअरवर दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो. स्टीमवर भाव रुपयांत आहेत आणि विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. आपल्या मशीनवर गेम चालतो का, हे बघण्याचा तोच प्रामाणिक मार्ग.

बीजीएमआय मात्र मोबाइलसाठीच आहे. डेस्कटॉपवर तोच गेम खेळायच्या आशेने मशीन घेऊ नका.

आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. लाइट सारखी ये-जा करते, कधीकधी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आणि पावसाळ्याची धास्ती वेगळीच. कॉम्प्युटर घ्यायचा धीर होत नाही. (सांगली)

घ्या, पण आधी वायरमनला बोलवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज नेहमी कॅबिनेटकडे येत असते, अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या हाताची वाट बघते. नवीन अर्थिंग करून घ्या. प्लगची तिसरी, जाड पिन कधीही कापू नका.

अचानक वीज जाण्यासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस कार्डाशिवायच्या मशीनला पुरतो. तो गेम संपवण्यासाठी नाही, फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइनवेव्हचा आहे का बघा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. स्क्वेअरवेव्हवर चांगले एसएमपीएस कधी कधी गुणगुणतात किंवा बंद पडतात.

पुराचं मात्र मी वेगळ्या मनाने लिहितोय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर माझ्या दुकानात चिखलाने भरलेल्या कॅबिनेटची रांग लागली होती. त्यातली वाचली ती, जी कुणी चालू करून बघितली नव्हती. सुकलंय असं वाटून ज्यांनी बटण दाबलं, त्यांचे बोर्ड तिथेच गेले, कारण खाचांमध्ये आणि चिपांखाली गाळ ओलाच होता.

तेव्हा कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावरच ठेवा. पाणी वाढतंय अशी बातमी आली की सगळ्या वायरी काढा आणि आधी कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्या, मॉनिटर नंतर. तेवढाही वेळ नसेल तर बाजूचा पत्रा उघडून निदान डिस्क काढा. हे आत्ताच एकदा करून शिका, साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

आणि बुडालंच, तर प्लग लावू नका, उन्हातही ठेवू नका, हार्डडिस्क उघडू नका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला बहुधा हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं. डिस्क आहे तशी डेटा काढणाऱ्याकडे द्या. बाकीचं मशीन दुरुस्तीवाल्याकडे तसंच ओलं घेऊन या. चिखल एकदा वाळून घट्ट बसला की काढायला फार अवघड जातो.