ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने फोडायच्या खेळात, 25 पैकी कधी 19, कधी 11 चकत्या फुटतात. ठाण्यात राहून, महिन्यातून एकदाच रेंजवर जाता येत असताना सातत्य कसं आणावं?

घरीच रोज दहा मिनिटं रिकामी बंदूक खांद्याला लावायचा सराव करा. महिन्याभरात आकड्यांतली दरी कमी होऊ लागेल. मी नव्या नेमबाजांना ट्रॅप शिकवतो, आणि 19 वरून 11 वर घसरणाऱ्याचा दोष बहुतेक वेळा गालात सापडतो. शॉटगनला मागची साईट (नेम धरायची खूण) नसते, तिचं काम तुमचा डोळा करतो. गाल दस्त्यावरून (बंदुकीच्या खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागावरून) जरासा उचलला की छर्रा चकतीच्या वरून जातो. म्हणून आधी दस्ता गालाशी, मग खांद्यात. मान खाली झुकवायची नाही. नंतर भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून नळीचं टोक कंबरेतून वळत फिरवा, हातांनी ढकलू नका.

रेंजवर दोनच गोष्टी सांभाळा:
- नजर चकतीच्या पुढच्या कडेवर, नळीच्या टोकावरच्या मण्यावर कधीच नाही. मणी पाहिला की बंदूक थांबते आणि छर्रा मागे पडतो.
- चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवा.

मात्र उजव्या खांद्यावरून मारत असाल आणि प्रबळ डोळा (नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो) डावा असेल, तर या सरावाने फारसं काही होणार नाही. आधी तो तपासा. तो डावा निघाला तर नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळासमोर, अर्धपारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावून पाहा.

सराव गॅलरीत नको, समोरच्या इमारतीतले लोक घाबरतील. आतल्या खोलीत, पडदे ओढून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याचं दोनदा पाहूनच करा.