रेल्वेप्रवास आणि परवान्याचं पिस्तूल

प्रश्न : माझ्याकडे इलिनॉयचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे. शिकागोहून अल्बुकर्कीला ॲमट्रॅक या अमेरिकन प्रवासी रेल्वेने जाताना पिस्तूल जॅकेटच्या आत ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. परवाना कुठल्याही राज्याचा असो, ॲमट्रॅकच्या डब्यात अंगावर किंवा हातातल्या बॅगेत शस्त्र नेता येत नाही. शिवाय तुमची गाडी आयोवा, मिसूरी, कॅन्सस, कोलोरॅडोतून जाते आणि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा.

शस्त्र नेता येतं ते फक्त लगेजच्या डब्यातून. ही सोय डिसेंबर 2010 पासून आहे. निघण्याच्या किमान 24 तास आधी फोन करून कळवा, ऑनलाइन नोंद होत नाही. पिस्तूल रिकामं हवं, कडक पेटीत, कुलूपबंद. किल्ली तुमच्याच खिशात. चढण्याच्या आणि उतरण्याच्या दोन्ही स्टेशनांवर लगेजची सोय असेल तरच हे जमतं. तुमच्या दोन्ही स्टेशनांवर ती आहे.

माझे यजमान नेमबाजीच्या स्पर्धांना जायचे, तेव्हा पिस्तूल रिकामं आहे ना हे मी स्वतः दोनदा बघायची. तुम्हीही बघा. आणि खरंच विचारते, या प्रवासात ते न्यायलाच हवं का? शेजारच्या सीटवर कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असतं हो.