वाचकांचे प्रश्न : इंग्रजीत ‘ला’ कुठे बसतो?

इंग्रजीतल्या दोन कर्मांच्या वाक्यांबद्दल किनारपट्टीवरच्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांना मी इंग्रजीत मेसेज करते. ‘प्लीज सेंड मी युवर आयडी’ बरोबर, पण ‘प्लीज कन्फर्म मी युवर डेट्स’ चूक, असं मुलगी म्हणते. ‘मला’ तर दोन्हीकडे आहे. मग फरक कशाने पडतो? (मालवण तालुका)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. मराठीत ‘ला’ हा प्रत्यय शब्दालाच चिकटलेला असतो. ‘पाहुण्याला किल्ली दे’ म्हणा नाहीतर ‘किल्ली दे पाहुण्याला’ म्हणा, कोणाला आणि काय यात घोटाळा होत नाही. जुन्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते, ते झिजून गेले. ‘हिम’ आणि ‘हूम’ यांच्या शेवटचा ‘म’ हा त्या जुन्या चतुर्थीचाच अवशेष आहे. प्रत्यय गेले आणि त्यांचं काम वाक्यातल्या जागेवर आलं. क्रियापदानंतर आधी माणूस, मग वस्तू : ‘गिव्ह द गेस्ट द की.’ वस्तू आधी घेतली तर माणसाच्या आधी ‘टू’ लावावाच लागतो : ‘गिव्ह द की टू द गेस्ट.’ माणूस आधी आणि शिवाय ‘टू’ही, म्हणजे ‘गिव्ह टू द गेस्ट द की’, ही मराठीच्या सवयीने होणारी चूक आहे.

आता खरी अडचण. ‘टू’शिवायची पहिली रचना प्रत्येक क्रियापदाला चालत नाही. गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, सेल, लेंड, पे, ब्रिंग, ऑफर, प्रॉमिस यांना चालते. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, कन्फर्म, अनाउन्स, रिपोर्ट, से यांना चालत नाही. पहिल्या गटात बरीचशी रोजच्या वापरातली, एका अवयवाची (सिलेबलची) जुनी क्रियापदं आहेत. दुसऱ्यात लॅटिन वळणाची, मागाहून आलेली जास्त. कानाने ओळखायची एक खूण आम्हांला उपयोगी वाटते : आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर असेल तर दोन कर्मं बहुधा चालतात (‘ऑ’फर, ‘प्रॉ’मिस), दुसऱ्यावर असेल तर बहुधा नाहीत (एक्स‘प्लेन’, स‘जेस्ट’). अलाउ, असाइन आणि अवॉर्ड हे अपवाद पाठच करून ठेवा.

तुम्ही पाठवलेल्या मेसेजमधली चार वाक्यं सुधारून देतो. ‘आय विल एक्सप्लेन यू द रूट’ऐवजी ‘आय विल एक्सप्लेन द रूट टू यू’. ‘आय विल सजेस्ट यू अ गुड बीच’ऐवजी ‘आय कॅन सजेस्ट अ गुड बीच’. इथे ‘टू यू’ नसला तरी काही बिघडत नाही. ‘रिप्लाय मी’ऐवजी ‘रिप्लाय टू मी’. आणि ‘वी विल प्रोव्हाइड यू ब्रेकफास्ट’मध्ये ‘यू’नंतर ‘विथ’ घाला. ‘विथ’शिवायचं रूप अमेरिकेत चालतं, आपल्याकडेही ऐकू येतं, पण ‘विथ’ घातलं की कोणत्याच पाहुण्याला खटकत नाही. ‘कन्फर्म’बद्दल बोलायचं तर नुसतं ‘प्लीज कन्फर्म युवर डेट्स’ पुरे.

प्रश्न : आंब्याच्या व्यवहाराचे ईमेल लिहितो. ‘प्लीज सेंड वाशी फिफ्टी बॉक्सेस’ हे वाक्य वहीत लिहिलं, तर भाच्याने खोडलं. शिवाय ‘टू’ कधी आणि ‘फॉर’ कधी, हे नीट सांगा. (देवगड)

उत्तर : भाच्याने बरोबर खोडलं. आधी माणूस, मग वस्तू ही रचना वापरली की ती वस्तू त्या माणसाच्या हाती, ताब्यात येते असा अर्थ तिच्यात असतो. वाशी हे ठिकाण आहे, पेट्या ताब्यात घेणारा माणूस नव्हे. म्हणून ‘सेंड फिफ्टी बॉक्सेस टू वाशी’. मात्र ‘सेंड द वाशी ट्रेडर फिफ्टी बॉक्सेस’ अगदी शुद्ध, कारण व्यापारी पेट्या ताब्यात घेतो. ‘सेंड द मुंबई ऑफिस द लिस्ट’ही चालतं, कारण तिथे ‘ऑफिस’ म्हणजे तिथली माणसं.

ताब्याची ही कसोटी लक्षात ठेवली की ‘फॉर’चाही उलगडा होतो. देण्याची किंवा पोचवण्याची क्रिया असेल तर ‘टू’ : गिव्ह, सेंड, सेल, पे, हँड. आधी वस्तू मिळवायची किंवा तयार करायची आणि मग ती कुणाकडे जायची, तिथे ‘फॉर’ : बाय, मेक, कुक, गेट, फाइंड, बुक, ऑर्डर. ‘आय बॉट क्रेट्स टू हिम’ चूक आहे. ‘आय बॉट क्रेट्स फॉर हिम’ किंवा ‘आय बॉट हिम क्रेट्स’ म्हणा. ब्रिंग आणि राइट यांना दोन्ही लागतात, पण अर्थ बदलतो. ‘आय रोट अ लेटर टू माय अंकल’ म्हणजे मामांना पत्र लिहिलं. ‘आय रोट अ लेटर फॉर माय अंकल’ म्हणजे मामांच्या वतीने, किंवा त्यांच्यासाठी म्हणून लिहिलं. व्यापारी पत्रव्यवहारात या एका शब्दाने माल कुणाच्या नावावर जाणार ते बदलू शकतं, म्हणून पाठवण्याआधी पुन्हा एकदा बघा.

‘फॉर’ येतो तिथे प्रत्येक वेळी दोन कर्मं जमतात असंही नाही. ‘मेक मी अ बॉक्स’ बरोबर, कारण पेटी माझ्याकडे येते. ‘ओपन मी द गेट’ आणि ‘रिपेअर मी द नेट’ चूक. फाटक उघडल्याने किंवा जाळं दुरुस्त केल्याने नवीन काही माझ्या ताब्यात येत नाही, काम फक्त माझ्यासाठी होतं. तिथे ‘ओपन द गेट फॉर मी’ हेच बोलायचं.

प्रश्न : ‘गिव्ह मी इट’ का खटकतं? (अलिबाग)

उत्तर : वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की ‘टू’ची रचना घ्या : ‘गिव्ह इट टू मी’, ‘सेंड देम टू हर’. इंग्रजीत जड भाग शेवटाकडे जातो आणि ‘इट’ फार हलका शब्द आहे. हाच नियम उलटाही लागतो. ‘सेंड द फोटोज टू द गेस्ट हू हॅज बुक्ड द अपस्टेअर्स रूम फॉर गणपती’ हे नीट उतरतं, कारण लांब भाग शेवटी आहे. ‘फोटोज’ शेवटी नेऊन बघा, वाचणाऱ्याला दम लागेल.

प्रश्न : दहावीच्या मुलांना व्हॉइस शिकवताना ‘शी गेव्ह मी अ रिसीट’चे दोन पॅसिव्ह लिहून देतो. दोन्ही चालतात का? आणि ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल’ मुलं हमखास लिहितात, त्याचं काय करावं? (दापोली)

उत्तर : दोन्ही चालतात : ‘आय वॉज गिव्हन अ रिसीट’ आणि ‘अ रिसीट वॉज गिव्हन टू मी’. बोलण्यात पहिलं जास्त, कारण लोकांना आधी माणसाबद्दल बोलायचं असतं. दुसऱ्यातला ‘टू’ मुलं गाळतात, तिथे खूण करून द्या. ‘फॉर’ गटात वस्तूपासून सुरू होणारा पॅसिव्हच सांगा : ‘अ सारी वॉज बॉट फॉर हर’. ‘शी वॉज बॉट अ सारी’ बऱ्याच जणांना अवघड वाटतं.

‘आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल’ ही चूक नोकरदारांच्या पत्रांतही दिसते. तिचं मूळ कर्तरी वाक्यात शोधा. ‘ही एक्सप्लेन्ड मी द रूल’ होत नसेल, तर ‘मी’ला उचलून पुढे आणता येणार नाही. म्हणून ‘द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी’. मुलांना पॅसिव्ह करायला देण्याआधी कर्तरी वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. ते जिभेवर अडलं तर पॅसिव्हही चुकणार, हे त्यांना स्वतःलाच कळतं. ‘आय वॉज सजेस्टेड अ बुक’ आणि ‘आय वॉज सेड’ यांनाही हीच परीक्षा लावा.

याच धड्यात आणखी एक छोटा गट घ्या : कॉस्ट, चार्ज, फाइन. यांच्यात माणूस आधी, रक्कम नंतर, आणि ‘टू’ कधीच नाही. ‘द बोटमन चार्ज्ड मी हंड्रेड रुपीज’ बरोबर, ‘चार्ज्ड हंड्रेड रुपीज टू मी’ नाही. चार्ज आणि फाइन यांचा पॅसिव्ह होतो : ‘आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ कॉस्टचा मात्र होत नाही, तेव्हा तो पेपरात देऊ नका.