पांघरूण लाथाडणाऱ्या बाळाला रात्री उबेत कसे ठेवावे

ताई, आपण लिहिले आहे की आपला मुलगा दीड वर्षाचा आहे, रात्री घातलेले पांघरूण अर्ध्या तासात लाथाडून देतो, पहाटे चारच्या सुमारास रडत उठतो आणि तेव्हा त्याचे हातपाय बर्फासारखे लागतात. सासूबाई त्याला लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून निजवा म्हणतात, आणि आपल्याला हीटर घ्यावा की खोलीत थोडा वेळ शेगडी ठेवावी असा प्रश्न पडला आहे. माझे उत्तर थोडक्यात असे की पांघरुणाचा नाद सोडून द्यावा, ऊब कपड्यांत आणि अंथरुणात आणावी, आणि शेगडी तर खोलीच्या आसपासही आणू नये. पुढे याचाच विस्तार करते.

मूल पांघरूण का फेकते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण तो हट्ट नसतो. झोप लागते त्या वेळी शरीर आतले तापमान थोडे उतरवते आणि ती उष्णता कातडीवाटे, विशेषतः हातापायांवाटे, बाहेर सोडते. त्यातही रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत लहान मुलांना घाम अधिक येतो. मानेखालची उशी ओली झालेली आपण पाहिलीच असेल. म्हणजे रात्री दहा वाजता आपण ज्या काळजीने वाकळ घालतो, त्याच वेळी मुलाचे शरीर उष्णता टाकून देण्याच्या प्रयत्नात असते आणि ते पाय झाडून ती वाकळ दूर करते. पहाटे नेमके उलटे होते. शरीराचे तापमान रात्रीतले सर्वांत कमी झालेले असते, स्वप्नांच्या झोपेचे प्रमाण वाढलेले असते, त्या झोपेत शरीराचे तापमान सांभाळण्याचे काम मंदावते, आणि बाहेरही गारठा सर्वांत जास्त असतो. कोल्हापुरात जानेवारीत दिवसा ऊन तिशीच्या आसपास जाते आणि पहाटे पारा १४-१६ अंशांपर्यंत, एखाद्या लाटेत त्याहूनही खाली, उतरतो. सूर्य उगवायला सात वाजून जातात. रंकाळ्याच्या बाजूला किंवा पंचगंगेकाठच्या खालच्या भागात दमट गारठा अधिक बोचतो हे येथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तेव्हा रात्री दहाच्या थंडीला पुरेल अशा बेताने नव्हे, तर पहाटे पाचच्या थंडीला पुरेल पण दहा वाजता घाम फोडणार नाही अशा बेताने मुलाला कपडे घालावे लागतात, आणि सगळी कसरत तेवढीच आहे.

यासाठी खोलीचे तापमान माहीत असणे फार उपयोगी पडते. भिंतीवर लावायचे साधे तापमापक स्वस्तात मिळते; ते मुलाच्या अंथरुणाच्या उंचीवर, खिडकीपासून दूर ठेवावे. बाहेर १५ अंश असले तरी स्लॅबच्या बंद खोलीत पारा सहसा काही अंश वर असतो, तर कौलारू किंवा पत्र्याच्या घरात तो बाहेरच्या आकड्याच्या बराच जवळ जातो. म्हणून शेजारणीच्या मुलाला काय घातले यावरून आपल्या मुलाचे ठरवू नये.

आता कपडे. सर्वांत आत अंगाला लागून सुती, जांघेत बटणे असलेला बॉडीसूट घालावा. याचे कारण अगदी साधे आहे: झबले किंवा बनियन झोपेत वर सरकते, पोट आणि पाठ उघडी पडते, आणि रात्रभर उघडी राहिलेली ती चार बोटांची पट्टीच मुलाला जागे करते. जांघेत बंद होणारा कपडा वर सरकत नाही. त्यावर लांब बाह्यांचा, पावले झाकणारा, फ्लॅनेलचा किंवा जाड होजिअरीचा अंगरखा असावा. पायमोजे मला फारसे पटत नाहीत; सैल असले तर मध्यरात्रीपर्यंत निघून जातात आणि घट्ट असले तर पोटरीवर वळ उठवतात. पावलांसकट शिवलेला पायजमा हा त्यावरचा उपाय.

या दोन थरांवर पांघरुणाच्या जागी येते ती झोपेची पिशवी, म्हणजे बाजारात स्लीप सॅक नावाने मिळणारा, बिनबाह्यांचा, खाली बंद असलेला, अंगात घालायचा पांघरुणाचा प्रकार. मुलाने कितीही कुशी बदलल्या, गादीवर गोल फिरून पायथ्याशी डोके केले, तरी ऊब त्याच्याबरोबर फिरते. या पिशव्यांवर टॉग नावाचा आकडा छापलेला असतो. कापड किती उष्णता अडवते याचे ते इंग्लंडमध्ये ठरलेले माप आहे. साधारणपणे खोली २० ते २४ अंश असेल तर १ टॉगची आणि १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉगची पिशवी सांगितली जाते. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडा फरक असतो, तेव्हा आकडा हा अंदाज मानावा आणि निर्णय मुलाच्या अंगाला हात लावून घ्यावा. माझ्या मते कोल्हापुरातल्या स्लॅबच्या घरात थंडीचे बहुतेक दिवस १ टॉगची पिशवी आणि आत दोन थर एवढे पुरते, २.५ ची पिशवी लाटेच्या दिवसांसाठी किंवा कौलारू घरासाठी. दोन्ही घेण्याची घाई करू नये.

विकतची महाग वाटत असेल तर ती शिवून घेता येते. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना सुती कापडाची वाण नाही, आणि अस्तराला आजीची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी नव्या कापडापेक्षा चांगली. शिंप्याला मात्र काही गोष्टी बजावून सांगाव्यात. गळा आणि मुंढे मापात बेताचे हवेत, म्हणजे मुलाचे डोके किंवा हनुवटी गळ्यातून आत सरकणार नाही. मोठे झाल्यावरही चालेल म्हणून दोन मापे पुढची पिशवी शिवण्याचा आपला नेहमीचा काटकसरीचा विचार येथे धोक्याचा आहे. लांबी मात्र खांद्यापासून पावलांपर्यंत धरून वर वीतभर जास्त ठेवावी, पाय मोकळे हलले पाहिजेत. चेन पुढून असावी, ती खालून वर उघडणारी असल्यास रात्री लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही, आणि चेनच्या वरच्या टोकावर कापडाची पट्टी शिवून घ्यावी. नाड्या, गोंडे, लेस, सैल बटणे यांतले काहीही नको. आपला मुलगा चालतो, तेव्हा खाली पावलांना दोन भोके ठेवलेली पिशवी बरी, नाहीतर सकाळी उठून धावायला जाईल आणि तोंडावर आपटेल.

अंथरुणाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. आपण वरून काय घालावे याचा विचार करतो, पण फरशीवर घातलेल्या दबलेल्या गादीतून ऊब खाली निघून जाते. कापूस दबला की त्यातली हवा जाते आणि ऊब अडवणारी गोष्ट ती हवाच असते. शिवाय कापूस हवेतला ओलावा धरतो. म्हणून गादी दुपारच्या उन्हात टाकून झाडून घ्यावी, तिच्यात पुन्हा फुगारा येतो. गादीखाली, फरशीला लागून, धनगरी घोंगडे दुहेरी घालावे. ते अंगाला टोचते म्हणून मुलाच्या वर घालण्याच्या कामाचे नाही, पण खालून येणारा गारठा तोडायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. घरात घोंगडे नसेल तर जुनी वाकळ आणि खाली चटई चालेल. गादी बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर घ्यावी. मूल आईवडिलांच्या मध्ये झोपत असेल तर दोघांच्या अंगाची ऊब त्याला मिळतेच, पण दोघांची जाड पांघरुणेही त्याच्या तोंडावर येतात. त्यापेक्षा त्याची लहान गादी शेजारी, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर असावी.

पहाटे चारला रडण्याचे कारण थंडीच असेल असे गृहीत धरू नका. एकदा लंगोट पाहावा. सुती लंगोट ओला झाला की त्यातले पाणी वाळताना अंगाची उष्णता घेऊन जाते आणि वरचे सगळे थर व्यर्थ जातात. थंडीचे दोन महिने तरी रात्रीपुरता ओल शोषून घेणारा डायपर वापरावा असे माझे मत आहे, मग घरातील वडीलधारी काहीही म्हणोत.

हातपाय गार लागणे ही तर सर्वांत मोठी फसगत आहे. उघडी असलेली हातपायांची टोके लहान मुलांत गार राहतातच, त्यावरून काही कळत नाही. आपला हात आधी चोळून गरम करावा आणि मुलाची मान मागच्या बाजूने, किंवा छाती, चाचपावी. ती कोमट आणि कोरडी असेल तर मूल उबेत आहे, त्याला झोपू द्यावे. मान घामेजली असेल, गाल लाल असतील, तर एक थर काढावा. छाती गार लागली तरच एक थर वाढवावा. अंगात ताप असेल त्या रात्री कपडे कमी करावेत. तापात गुंडाळून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. छातीही गार पडली आहे आणि मूल मलूल आहे, नीट जागे होत नाही, किंवा ओठ निळसर दिसत आहेत, असे असेल तर मात्र कपड्यांचा विचार करत न बसता त्याला अंगाशी धरून लगेच दवाखाना गाठावा.

माकडटोपीबद्दल सासूबाईंना दुखवू नका, पण झोपताना ती काढाच. डोक्यावाटे मूल जादा उष्णता बाहेर टाकते आणि ती वाट बंद केली की ते तापते. शिवाय टोपी सरकून नाकातोंडावर येते. ‘टाळूला वारा लागतो’ ही त्यांची भीती खिडकीला पडदा लावून आणि गादी झोतातून हलवून दूर करता येते. स्वेटर लोकरीचा असल्याने झोपेत घाम आणतो. तो सकाळी उठल्यावर, ऊन अंगणात येईपर्यंत, घालावा. टोपीही तेव्हाच. त्यांनी विणलेले वाया गेले असे त्यांना वाटणार नाही.

शेगडीचे मात्र कोणाचेही ऐकू नये. कोळसा बंद खोलीत अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही समजतच नाही, आणि लहान मुलाचा श्वास भरभर चालतो म्हणून त्याच्यावर परिणाम आधी होतो. निखारे विझत आले म्हणून धोका संपत नाही. ओवा-वेखंडाची धुरीही याच कारणाने, आणि धुराने छाती भरते म्हणूनही, टाळावी. कापूर घातलेली तेले आणि मलम दोन वर्षांखालच्या मुलाला चोळू नयेत. रबरी पिशवीत गरम पाणी भरून अंथरूण आधी शेकून घेण्याला हरकत नाही, पण मुलाला ठेवण्यापूर्वी ती बाहेर काढावी. विजेवर तापणारी चादर या वयाला नकोच.

हीटर कोल्हापूरला बहुधा लागत नाही. कौलारू घर असेल आणि घ्यायचाच असेल तर तेल भरलेला, आपोआप बंद होणारा घ्यावा, झोपण्यापूर्वी तासभर लावून खोलीची गारठ मोडावी आणि बंद करावा. लाल तापणाऱ्या सळ्यांचा हीटर रांगत्या-चालत्या मुलाच्या घरात ठेवू नये.

एक वर्षाखालच्या बाळाबद्दल विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की त्या वयात सुटे पांघरूण, उशी, लोड यांपैकी काहीच अंथरुणात नसावे, आणि बाळाला पाठीवरच निजवावे. आपल्या मुलाला अडीच-तीन वर्षांचा झाला की पांघरूण स्वतः ओढून घेता येईल. तोवर पिशवी चालू ठेवावी, आणि महाशिवरात्रीनंतर रात्री उबदार होऊ लागल्या की आधी पिशवी काढावी, आतला फ्लॅनेलचा थर नंतर.