एका ड्रॉवरपुरतं

प्रश्न : ताई, मोठं घर सोडून आम्ही दोघं वन बीएचकेत राहायला आलो. ओट्याखाली एकच ड्रॉवर आहे आणि तीस वर्षांत साठलेल्या चिल्लर वस्तू पोतंभर. हे म्हणतात, सगळं भंगारात दे. खरंच उपयोगी असं काय ठेवू?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : सगळं देऊ नका. जे काम सुरीनं होतं, त्यासाठी वेगळं यंत्र मात्र नको. अंडी कापायची तारांची चौकट, सफरचंदाच्या फोडी करायचं चक्र खुशाल काढून टाका.

माझ्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात पुढे असतो तो लटकता वजनकाटा. वर कडी, खाली हुक, ५० किलोपर्यंत वजन दाखवतो. घेतला होता मुलीकडे दुबईला जाताना बॅगा मोजायला. मग एका गौरीला पुरणाची डाळ शिजत असतानाच गॅस संपला. दुसरा सिलेंडर यायला दोन दिवस होते. शेवटी पातेलं उचलून शेजारच्या वहिनींच्या शेगडीवर नेलं. तेव्हापासून सिलेंडर याच काट्यावर मोजते. घरगुती सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. रेग्युलेटर काढायचा, हुक कड्यात अडकवायचा, काट्याच्या कडीतून मजबूत काठी घालायची आणि दोन बाजूंनी दोघांनी सिलेंडर चार बोटं उचलायचा. पट्टीवर १५.९ असेल आणि काटा १८ दाखवत असेल, तर गॅस उरला २.१ किलो. आमच्या घरी एवढ्यात आठवडा निघतो. त्याच दिवशी नंबर लावायचा. पाठीचं दुखणं असेल तर उचलू नका हं, टाकीवरून ओलं फडकं फिरवा. जिथवर ओल उशिरा सुकते, तिथवर गॅस आहे समजा. रद्दी द्यायच्या आधीही मी गठ्ठा याच काट्याला लावते.

दुसरी वस्तू सुईत दोरा ओवायची तार. तुमच्या पोत्यात नक्की असेल, नीट शोधा. पातळ पत्र्याचा बोटभर तुकडा, त्यावर बाईचा चेहरा उठवलेला आणि टोकाला केसासारखी बारीक तार, शंकरपाळ्याच्या आकारात वळवलेली. तार नेढ्यातून घालायची, तिच्या पोटातून दोरा न्यायचा आणि मागे ओढायचं. माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही कुणाला हाक न मारता गोधडी शिवत बसायची, ती याच तारेच्या जोरावर. जाड दोरा मात्र ओढू नका, तार पत्र्यातून निसटते. स्वेटरचा धागा बाहेर आला असेल तर तोही कापू नका. तार उलट बाजूनं घालून धागा आत ओढून घ्या. भोक पडत नाही.

टेस्टरही ठेवा. प्लगमध्ये वीज येते की नाही, एवढं कळलं की वायरमनला नेमकं सांगता येतं. वापरण्याआधी तो चालू प्लगमध्ये लावून बघायचा, कारण दिवाच गेला असेल तर वीज असूनही तो काही दाखवणार नाही. आणि दिवा लागला नाही, म्हणून मेन स्विच बंद न करता तारेला हात लावायचा नाही.

हो, एक राहिलं. नवा सिलेंडर आला की ओट्याखाली सरकवण्याआधीच पट्टीवरचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. प्रत्येक टाकीचा आकडा वेगळा असतो, आणि एकदा आत गेली की तो वाचायला टॉर्च घेऊन जमिनीवर बसावं लागतं.