मागची बॅटरी पहाटेपर्यंत का टिकत नाही?

प्रश्न : काका, आमच्या गाडीत मागे घरच्या इन्व्हर्टरची १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी ठेवली आहे. गाडी चालू असताना ती रिलेमधून (आपोआप जोडणाऱ्या स्विचमधून) चार्ज होते. डिसेंबरात घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो. तंबू ठोकला तेव्हा मीटर १२.६ व्होल्ट दाखवत होता, तरी पहाटे चारला फ्रिज बंद. मेअखेरीस काजवे बघायला पुन्हा जायचंय. या वेळी सासूबाई बरोबर आहेत आणि त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल. कोणता मीटर बसवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मीटरचं सांगतोच, पण आधी ती बॅटरी गाडीतून उतरवा. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात कलंडली तर ॲसिड सांडते. माणसं बसतात-झोपतात त्या जागेत तिचं काम नाही. सीलबंद बॅटरी घ्या, पट्ट्याने आवळून बांधा आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज टाका.

आता हिशेब. तुमच्यासारखा छोटा कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. थंडीत तो तासातली पंचवीसेक मिनिटं चालतो असं धरलं, तर दहा तासांत सोळा-सतरा एएच. दिवा आणि मोबाइल धरून वीस. म्हणजे १०० एएचची भरलेली बॅटरी दोन रात्री सहज काढते. तुमची एक रात्रही निघाली नाही, म्हणजे एक तर बॅटरी भरलेलीच नव्हती, नाही तर वीज फ्रिजपर्यंत नीट पोचत नव्हती. माझ्या मते दोन्ही.

नाशिक ते भंडारदरा दोन-अडीच तासांचा रस्ता. तेवढ्यात तुमच्यासारखी लेड-ॲसिड बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर भरत नाही. पण इंजिन बंद केल्यावर काही वेळ व्होल्टेज फुगलेलं राहतं, तेच तुम्हाला १२.६ म्हणून दिसलं. चार-पाच तास लोड न लावता ठेवलेल्या बॅटरीचे १२.६ आणि आत्ताच गाडी थांबवल्यावरचे १२.६ यांत फार फरक आहे. विसावलेली बॅटरी १२.२ ला आली की निम्मी संपली समजा, त्याखाली नेऊ नका. गाडी बीएस-६ असेल तर बरेचदा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, मध्येच व्होल्टेज उतरवतो. तिथे नुसता रिले पुरत नाही, उतरलेलं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं चढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

वायरचं तुम्ही लिहिलं नाही. फ्रिज डिकीतल्या लायटर सॉकेटवर असेल तर एक एमएमची (चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याची जाडी) वायर समोरच्या फ्यूजबॉक्समधून फिरून येते. चार मीटर जाणारी, चार मीटर परतीची, ४ अँपिअरला अर्ध्या व्होल्टाहून जास्त तिथेच जातो. बॅटरीवर १२.१ असताना फ्रिजला साडेअकरा दिसतात आणि तो स्वतःला बंद करून घेतो. कंप्रेसर चालू असताना मल्टीमीटर आधी बॅटरीला लावा, मग सॉकेटला. पाव व्होल्टाहून जास्त फरक आला तर फ्रिजला बॅटरीपासून वेगळी, फ्यूज असलेली चार एमएमची वायर ओढा.

मीटर शंटवालाच घ्या. शंट म्हणजे दोन पितळी ठोकळ्यांमध्ये बसवलेली मिश्रधातूची पट्टी. १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट असेल तर फ्रिजच्या ४ अँपिअरला तिच्यावर फक्त ३ मिलिव्होल्ट पडतात. तेवढ्यावरून मीटर किती एएच गेले, किती आले ते मोजत राहतो. लिथियम घेतलीत तर याला पर्यायच नाही, कारण तिचं व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं.

बसवताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटची एकच केबल राहू द्या. बॉडी अर्थ, चार्जरची काळी, फ्रिजची काळी, सगळ्या शंटच्या पलीकडच्या टोकाला. मी स्वतःच्या जीपमध्ये छोट्या इन्व्हर्टरची काळी वायर घाईत थेट टर्मिनलला आवळली होती. राधानगरीला रात्रभर इन्व्हर्टर चालला, सकाळी मीटर ८४ टक्के दाखवत होता आणि बॅटरी ११ व्होल्टला. तिच्यातून गेलेली वीज मीटरला दिसलीच नव्हती. ती बॅटरी पुन्हा पूर्ववत झाली नाही. तेव्हापासून कुणाचीही गाडी आली की आधी ते टर्मिनल बघतो.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या चार्जरवर बॅटरी पूर्ण भरा आणि तेव्हाच मीटर १०० टक्क्यांवर आणा. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर मीटरमध्ये क्षमता १०० एएचऐवजी ७० भरा. मेमध्ये फ्रिज निम्मा वेळ तरी चालेल, तेव्हा चोवीस तासांचे पन्नास एएच धरा. तिथे दोन रात्री राहणार असाल तर मध्ये दिवसा सोलर पॅनेल हवंच.

इन्सुलिन मात्र एकट्या या बॅटरीच्या भरवशावर ठेवू नका. चालू असलेलं पेन बहुतेक वेळा फ्रिजबाहेर काही आठवडे चालतं, पण मेच्या उन्हात तापलेल्या गाडीत नाही. सासूबाईंच्या औषधाची नेमकी मर्यादा केमिस्टकडून विचारून घ्या. न उघडलेलं २ ते ८ अंशांत लागतं. ते फ्रिजच्या भिंतीला टेकवू नका, गोठलं की टाकून द्यावं लागतं. शेजारी एक साधा थर्मामीटर ठेवा, आणि पाण्यात भिजवून गार राहणारी इन्सुलिनची पिशवी बरोबर घ्या.