आतड्याचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. आता जेवलं की लगेच पळावं लागतं, पोट फुगतं. हे असंच चालणार का?

‘ऑपरेशन झालेलं पोट आहे, असंच चालायचं’ असं घरचे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हेच ऐकत मी दोन वर्षं काढली, म्हणून हे उत्तर.

मी इंदूरचा, रामबागेतला. २०११ मध्ये टीबीमुळे आतडं आवळलं होतं, तेव्हा लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्याची सुरुवात काढून उरलेलं जोडलं. गोळ्यांचा कोर्स झाला, वजन भरलं, रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन खाण्याइतका माणसांत आलो. २०१९ मध्ये पित्ताशयात खडे निघाले, तेही काढलं. त्यानंतर सुरू झालं. पिवळे, पाण्यासारखे, आग होणारे जुलाब. पोहे-जिलेबी पोटात गेली की वीस मिनिटांत. ऑफिसच्या वाटेवरची सगळी सुलभ शौचालयं मला पाठ होती. इंदूर स्वच्छतेत पहिलं आल्याचा खरा फायदा कोणाला झाला असेल तर मला.

एका डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे तपासणीत काही न सापडता पोट बिघडत राहणं, असं ठरवून ‘टेंशन मत लो’ म्हणून पाठवलं. दुसऱ्यांनी तीनदा अँटिबायोटिक दिलं. पोटाच्या स्पेशालिस्टकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘नेमकं काय कापलं होतं आणि किती?’ मला सांगता येईना. घरी येऊन माळा उपसला. गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली पिवळा पडलेला डिस्चार्ज कार्ड सापडला, त्याला ऑपरेशनची नोंद टाचलेली. त्या कागदावर निम्मं उत्तर होतं.

पित्तातली आम्लं लहान आतड्याच्या त्या शेवटच्या भागातच परत शोषली जातात. तो भाग गेला की ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. पित्ताशय होतं तोवर माझं कसंबसं निभत होतं. ते गेल्यावर पित्त दिवसभर झिरपायला लागलं. आधी कोलोनोस्कोपी केली, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहिलं. जोड नीट होता, टीबी परतला नव्हता. मग कोलेस्टिरामीनची पूड सुरू झाली, पाण्यात कालवून घ्यायची. ती पित्ताची आम्लं धरून ठेवते. चव खडूची, पण आठवड्याभरात फरक पडला. बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनी घ्याव्या लागतात, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते. माझं वाचून तुम्ही मात्र ती स्वतःहून आणू नका. असेच जुलाब आणि फुगणं लहान आतड्यात जंतू वाढल्यानेही होतं, जोड अरुंद झाल्यानेही पोट फुगतं, आणि त्यांचे उपाय वेगळे.

दुसरी गोष्ट बी१२ जीवनसत्त्व. तेही त्याच टोकात शोषलं जातं. शरीरात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. ती झाली की नसा बिघडतात. जिना चढताना चप्पल पायातून निसटून खालच्या पायरीवर राहायची आणि मला वर पोचेपर्यंत पत्ता नसायचा. तळव्यांना मुंग्या यायच्या, त्या मी वयावर ढकलत होतो. आता इंजेक्शन घेतो. तुमचंही तेच टोक काढलं असेल तर बी१२ची तपासणी या आठवड्यातच करा.

आणि भुट्टा! पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्यावर दोन भाजलेले भुट्टे खाल्ले. रात्री पोटात पीळ, पोट ढोलासारखं, उलट्या, वारासुद्धा सरेना. ऑपरेशननंतर आतडी आत एकमेकांना चिकटतात आणि कधीकधी वर्षांनीही तिथे अडकतं. नाकातून नळी, सलाईन, तीन दिवस. सुदैवाने कापावं लागलं नाही. असं झालं तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जायचं. शौचातून रक्त, ताप, विनाकारण वजन उतरणं किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तरीही ‘असंच चालायचं’ म्हणू नका.

आता अख्खे दाणे बंद. भुट्ट्याचा कीस, दुधात नीट शिजलेला, वाटीभर चालतो. पोहे चालतात, वरची शेव अर्धी. संत्र्याची फोड सोलून, आतला चोथा टाकून. ही पथ्यं माझ्या पोटाची, तुमची तुम्हालाच सापडतील. पंधरा दिवस काय खाल्लं आणि किती वेळा जावं लागलं, हे डायरीत लिहून काढा आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा.

पण त्याआधी तुमचा तो जुना कार्ड शोधा. नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. त्यावर काय निघतं ते इथे लिहा, मी वाचतो.